वसमत तालुक्यातली कुलूपबंद विहीर आणि मी न केलेली सही

फोन आला तेव्हा मी शेगडीखाली टूथब्रश घालून पावाचा चुरा शोधत होते. पेसाहच्या सणाआधी घरातला आंबवलेल्या पिठाचा कणन् कण बाहेर काढायचा असतो. आमच्याकडे हे काम माझं, कारण साफ केलेली जागा मी तीनदा तपासते. आई याला वेडेपणा म्हणते, आजोबा काळजी म्हणतात.

फोनवर मोकळाढाकळा आवाज होता. "दावीदसाहेबाचं घर का? मी व्यंकटराव बोलतो, वसमत तालुक्यातून. तुमच्या बाबाचं मंदिर बांधून राहिलो आमी. वारसाची सही पाहिजे. या की गावाला!"

"कोणत्या बाबाचं?"

"शनवारबाबाचं!"

दावीद म्हणजे माझे आजोबा. घरात सांगितलं, तर दोन मिनिटं कोणालाच काही कळेना. मग आजोबा खुर्चीतून म्हणाले, "शलोमकाका."

या ब्लॉगच्या नव्या वाचकांसाठी सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणपट्टीतले मराठी ज्यू. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, शब्बाथला, घाणा बंद ठेवायचे. त्यावरून आमचं नाव शनवार तेली पडलं. शलोमकाका हे माझ्या आजोबांचे काका. निजामाच्या राज्यात एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात ते कंपाउंडर होते. लग्न केलं नाही. तिथेच वारले आणि तिथेच पुरले गेले. अलिबागहून त्यांच्या भावाने एक कोरलेला दगड बैलगाडीने पाठवला होता. घरात एवढीच माहिती होती. दरवर्षी आजोबा त्यांच्या नावाने दिवा लावतात आणि शेवटी म्हणतात, "एकदा जाऊन यायला पाहिजे." आता आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि दोन जिने उतरू शकत नाहीत.

बाबांचं मत सरळ होतं. "सही करून ये. लोक मान देतायत, द्यायला हवा. आपण थोडी माणसं. जिथे गेलो तिथे कोणाशी वाकडं घेतलं नाही म्हणून इतकी शतकं राहिलो."

मला मात्र तीन अडचणी दिसत होत्या. सणाच्या मधल्या दिवसांत गरजेशिवाय लिहायचं नसतं, मग सही कशी करायची? निसान महिन्यात, म्हणजे पेसाह येतो त्या महिन्यात, कबरीवर जात नाहीत, मग जायचं कसं? आणि ज्यू माणसाचं मंदिर? त्याला सही?

मी आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. दम्यामुळे आजोबांनीच घरी शिकवलं. एका पाटीवर अ, दुसऱ्या पाटीवर हिब्रूचं पहिलं अक्षर, आलेफ. ते उत्तर कधी पटकन देत नसत, आधी विचारत, "प्रश्न पुरा झाला का?" या वेळी त्यांनी तिन्ही प्रश्न ऐकून घेतले. म्हणाले, "लोकांच्या कामासाठी लिहिलेलं चालतं. निसानमध्ये कबरीवर रडायला जात नाहीत, तू रडणार नसशील तर जा. तिसऱ्याचं उत्तर तिथे गेल्यावर मिळेल." मग मला अधिकारपत्र लिहून दिलं. सही करायची की नाही, ते माझ्यावर.

बुधवार

सणाचे पहिले दोन दिवस प्रवास नाही. ते संपल्यावर मंगळवारी संध्याकाळी पनवेलहून नांदेडकडे जाणारी गाडी धरली. सणात जाणार असाल तर माझ्यासारखं सामान घ्या: बिनखमीर रोट्यांचं पाकीट, खजूर, उकडलेली अंडी, आपला चमचा, आपली ताटली. सण नसेल तर निवांत जा, मराठवाड्यात कोणी उपाशी ठेवत नाही.

सकाळी परभणीला उतरले आणि वसमतची एसटी घेतली. बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टरने माझ्या पाठीवरची सॅक बघून स्वतःच ठरवलं, "औंढ्याला का? नागनाथाला?"

"नाही, वसमत. तिथून कुरुंद्याच्या बाजूला."

"तिकडं काय हाय? हळद हाय नुसती."

नुसती हळद बघायची असेल तर एप्रिलमध्येच जा. वसमत सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत हळद शिजत असते. वाफेचे मोठे ड्रम, त्यांना इथे कुकर म्हणतात, आणि पुढे उन्हात पसरलेली ओली हळकुंडं. वास गोड नसतो, मातीसारखा कडवट असतो आणि केसांत राहतो. ऊन मात्र भयंकर. अकराच्या आत पोचा, डोक्याला बांधायला सुती पंचा ठेवा. वसमतहून शेअर रिक्षा मिळते. आमच्या रिक्षात नऊ माणसं आणि एक शेळी होती. शेळीला खिडकीची जागा मिळाली.

गावाचं नाव मी लिहीत नाही. पुढे वाचलंत की कारण कळेल. अशी विहीर दुसऱ्या गावात नसेल असंही मला वाटत नाही.

व्यंकटराव स्वतः फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. साठीचे, पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. त्यांचा पाहुणचार मी कमी करून सांगितला तर तो अन्याय होईल. त्यांच्या पत्नी सुमनकाकूंना मी चाचरत सांगितलं की आठ दिवस गव्हाची पोळी, पाव काही चालत नाही, कारण आमचे पूर्वज मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते आणि सुटले तेव्हा पीठ फुगायलाही वेळ नव्हता. त्यांनी शांतपणे विचारलं, "ज्वारीची भाकर चालते का?"

मी आजोबांना फोन लावला. आमच्यात सणात तांदूळ चालतो. ज्वारीबद्दल आजोबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "खा. सबंध मराठवाडा बाराही महिने बिनखमीर खातो, आपल्यालाच आठ दिवसांचं कौतुक."

काकूंनी तवा घासून घेतला, पीठ वेगळ्या परातीत मळलं आणि टम्म फुगलेली भाकरी माझ्याच ताटलीत टाकली. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. अशी भाकरी मी आजवर खाल्ली नव्हती. हे मुद्दाम लिहिते आहे.

जेवताना व्यंकटरावांनी सगळं समजावलं. त्यांच्या नातवाला तीन महिने ताप होता. ते शनवारबाबाला नवस बोलले आणि ताप उतरला. गावातले लोक कित्येक वर्षं शनिवारी दगडावर तेल वाहतात. आता समितीने देणगी जमवली आहे. गाभारा होणार, कळस होणार, चारी बाजूंनी भिंत आणि फाटक. "फकस्त एक घोळ हाय. नोंदीत दवाखाना, हीर आन् कबर तिन्ही एकत्र हायेत. ग्रामसेवक म्हणतो, वारसाचं ना-हरकत आणा. उद्या सकाळी पारावर बैठक हाय. तुमी सही करा, आमी तुमचा सत्कार करतो."

हीर म्हणजे विहीर.

ऊन उतरल्यावर मी एकटीच कबरीकडे गेले. गावाबाहेर, एका लिंबाखाली. दवाखान्याचं नुसतं जोतं उरलं आहे. दगड तेलाने इतका काळा झाला होता की अक्षरं दिसेनात. बोटांनी चाचपली. वर हिब्रू, खाली मराठी. शलोम, वडिलांचं नाव, गाव, तालुका अलिबाग. माझी बोटं तेलकट झाली. मला भीती वाटली, खरंच वाटली. आमच्यात मूर्ती नाही, माणसाला देव करणं म्हणजे मोठाच अपराध. या माणसाने जन्मभर शनिवार पाळला आणि त्याच शनिवारी लोक त्याच्यावर तेल ओततात. हसावं की काय करावं?

आमच्या रीतीप्रमाणे मी एक खडा दगडावर ठेवला. कबरीवरून परत फिरताना घरात शिरण्याआधी हात धुवायचे असतात. विहीर दहा पावलांवर होती, म्हणून तिकडे वळले.

विहिरीवर लोखंडी जाळी होती. जाळीला कुलूप. नवं कोरं, त्यावरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता.

मी तिथे तेलकट हात धरून उभी असताना मागून आवाज आला, "पाणी पाहिजे का?"

गुलाबी साडीतली माझ्याच वयाची बाई. संगीताताई, गावच्या आशाताई, म्हणजे आरोग्यसेविका. कोण नवीन आलंय बघायला आल्या होत्या. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी म्हटलं, "प्यायला नकोय, नुसते हात धुवायचेत, वाया जाईल." त्यांनी माझ्या हातावर पाणी ओतलं, आणि ते लिंबाच्या मुळाशी पडेल अशा बेताने ओतलं.

"कुलूप कधीपासून आहे?"

"जयंतीच्या आदल्या दिवसापासून." समोर बौद्ध वस्तीवर चौदा एप्रिलच्या निळ्या पताका अजून हलत होत्या. "जयंतीला पाचशे माणसाचं जेवण होतं. टँकर आणला आमी."

"वस्तीला दुसरं पाणी नाही?"

"हापसा हाय. मार्च संपला की हवा हापसतो." त्या हसल्या, मग हसू पुसलं. "ताई, तुमीच त्या वारस ना? उद्या सही करणार?"

मी म्हटलं, अजून ठरवलं नाही.

"मंदिराला आमी कोण न्हाई म्हणणारे. पण फाटक झालं की हीर आत जाती. आत कोण येणार, कोण न्हाई, ते समिती ठरवणार. कागदावर तसं काईच लिहेल नसतं. बोलतानाही कोणी म्हणत न्हाई. फकस्त म्हणतात, बाबाचं सोवळं हाय."

रात्री काकूंनी माझ्यासाठी गच्चीत गादी घातली. पोटात त्यांची भाकरी होती आणि डोक्यात ते कुलूप. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तू पाहुणी आहेस. त्यांच्या गावातलं त्यांना बघू दे."  ज्या घरी जेवलो त्या घरातल्या माणसाला भर पारावर नाही म्हणायचं, हे बरोबर की चूक? याचं उत्तर मला कोणत्याही पाटीवर शिकवलेलं नव्हतं.

गुरुवार

मारुतीच्या पारावर सकाळी आठला सतरंज्या पडल्या. समितीची पंधरा-वीस माणसं, ग्रामसेवक, माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची, शाल, नारळ. पाराच्या खाली, रस्त्याच्या कडेला, संगीताताई आणि वस्तीतल्या सात-आठ बायका उभ्या होत्या. त्यांच्यात एक फार म्हातारी बाई काठीवर हनुवटी टेकून बसली होती. तिला सगळे गयाआत्या म्हणत होते. पारावर बसायला कोणी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

ग्रामसेवकांनी कागद वाचला. 'बांधकाम, कुंपण व परिसराचे व्यवस्थापन यांस आमची कोणतीही हरकत नाही.' पेन माझ्या हातात दिलं.

मी म्हटलं, "एक प्रश्न आहे. विहिरीला कुलूप का?"

"पाणी खराब होतं," एक जण म्हणाला.

"कशाने?"

"येणारे-जाणारे हात घालतात."

"कोणी हात घातला की खराब होतं?"

 मागून कोणीतरी बोललं, "मुंबैची पाव्हणी वकील हाय काय?" सगळे हसले. मी मुंबईची नाही आणि वकीलही नाही. लायब्ररीत काम करते. पण हे सांगायची वेळ नव्हती.

व्यंकटराव समजुतीने म्हणाले, "ताई, बाबाचं ठिकाण हाय. देवाचं म्हटल्यावर सोवळं पाळावंच लागतं."

आणि इथे मी चूक केली. माझ्यासारख्या शिकवलेल्या मुलीनेच करावी अशी. मला वाटलं, नियमाने बोलले तर कोणी नाही म्हणू शकणार नाही. मी म्हटलं, "पण आमच्या धर्मात कबर सोवळी नसतेच. उलट तिचा विटाळ मानतात. म्हणून तर मी काल हात धुवायला पाणी शोधत होते."

पारावरचे लोक एकदम उठले. "आमच्या बाबाला विटाळ म्हणते!" व्यंकटरावांचा चेहरा पडला. राग नव्हता तो, दुखावल्यासारखे दिसत होते. पण खालून जो आवाज आला त्याने माझे कान तापले.

"ए पोरी!" गयाआत्या काठी आपटत उभी राहिली होती. "तो शबुद आमच्यापुढं काढू नगंस. आमच्या मायला, आज्ज्याला तोच शबुद ऐकवून मारलं या गावानं. तू शिकेल हायेस ना? मंग कोणापुढं काय बोलावं हे काहून शिकली न्हाईस?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. ज्यांच्या बाजूने बोलायला उभी राहिले, त्यांच्याच तोंडावर मी तो शब्द फेकला होता. मी खुर्चीवरून उठले, पार उतरले आणि तिच्यापुढे जाऊन म्हटलं, "चुकले, आत्या. मी माफी मागते." सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, कारण चूक सगळ्यांसमोर झाली होती.

तिने माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "कोण लागतो तो डाक्टर तुझा?"

"माझ्या आजोबांचे काका."

"मी पायलंय त्याला. या पारावर बसलेल्या एकानंबी पायलं न्हाई." तिने पाराकडे काठी रोखली. "तुमी बाबा बाबा म्हणता, तो कोण होता ठावं हाय का? सांगू?"

"आत्या, बैठक चालू हाय," कोणीतरी म्हणालं.

"मंग ऐका की बैठकीत!" ती म्हणाली. "मी इतकुशी होते. पटकीचा वाखा आलता. वैद्य यायचा तर लांबून पुडी फेकायचा. ह्या डाक्टरनं माझ्या मायचं मनगट धरलं, असं." तिने माझंच मनगट धरलं. तिच्या हाताला हळदीचा वास होता. "म्हणला, हीर सरकारी हाय, सगळ्यायनी पाणी भरा. गावानं आडवलं. मंग काय केलं त्यानं? सहा दिस दवाखाना असायचा, त्याला बाहेर पडता यायचं न्हाई. शनवारी त्याची सुट्टी. कामाला हात लावायचा न्हाई, विस्तव पेटवायचा न्हाई. पण सकाळधरनं हिरीच्या काठावर येऊन बसायचा. दिस मावळस्तोर. डोक्याला टोपी, हातात पुस्तक. तो बसला की कोणाची टाप नव्हती आडवायची. आमच्या बाया आठवड्याचं पाणी शनवारी भरायच्या. रांजण, घागरी, तांबे, जे घावंल ते. तो मेला तवा माझ्या मायनं त्या दगडावर दिवा लावला. शनवारी. तेल कोणी घातलं पहिल्यांदा? आमी! मागून तुमी आले आन् त्याचा देव केला."

मी रडले नाही. रडणार नसेन तरच जा, असं ठरलं होतं. पण मला जे कळलं ते लिहायलाच हवं. शब्बाथ का पाळायचा, हे आजोबांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. मिसरमध्ये गुलामांना सुट्टी नव्हती, म्हणून आपल्याकडे मालकाला, नोकराला, परक्याला, बैलाला, सगळ्यांना एक दिवस सुट्टी. स्वतःची सुटका आठवायची ती दुसऱ्याला मोकळं करण्यासाठी. मी हे पाठ केलं होतं, परीक्षेचं उत्तर पाठ करावं तसं. हिंगोली जिल्ह्यातल्या एका विहिरीच्या काठावर कोणी ते दर शनिवारी नुसतं बसून पाळलं होतं, आणि आमच्या घरात त्याची कोणालाच खबर नव्हती.

मी परत पारावर गेले.  खुर्चीवर बसले नाही.

"व्यंकटरावकाका, मी तुमच्या घरी जेवले. तुमचा नातू बरा झाला याचा मला आनंद आहे. पण शलोमकाका देव नव्हते. कंपाउंडर होते. त्यांच्यावर कळस नको, भिंत नको, फाटक नको. आणि त्यांच्या नावाने विहिरीला कुलूप तर अजिबात नको."

"नियम सांगून राहिली का आमाला?" एक तरुण ओरडला. "गाव आमचं हाय!"

"गाव तुमचं आहे. सही माझी आहे."

हे वाक्य मी बोलले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मला हॉटेलात चुकीची भाजी आली तर परत करायलाही जमत नाही.

मी कागद गुडघ्यावर ठेवून 'हरकत नाही' हे शब्द खोडले आणि लिहिलं: 'हरकत आहे. विहीर सर्वांसाठी उघडी राहिली पाहिजे. कबरीवर बांधकाम नको, कुंपण नको.' खाली आजोबांच्या वतीने माझं नाव. मग ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ग्रामसेवकांनी कागद घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "नोंद करावी लागेल." मी म्हटलं, पोच द्या. त्यांनी पोच दिली. ती घडी घालून पाकिटात ठेवली, तीनदा तपासली.

शाल, नारळ खुर्चीवरच राहिले.

सामान घ्यायला घरी गेले तेव्हा सुमनकाकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. वर पाहिलं नाही. मी म्हटलं, "काकू, येते." त्या म्हणाल्या, "भाकर गोड लागली ना माझी? मंग आमच्याच घरात कडू काहून कालवलं?"   मी त्यांना नमस्कार केला आणि निघाले.

फाट्यापर्यंत संगीताताईंनी स्कूटीवर सोडलं. मी विचारलं, "तुम्हाला त्रास होईल का माझ्यामुळे?"

"व्हईल," त्या म्हणाल्या. "तुमी न्हाई आल्या असत्या तरी झाला असता. आता निदान कशापाई हे कागदावर हाय." मग आरशातून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आत्या म्हणून राहिली होती, पोरगी बावळट हाय, पण पार उतरून आली."

घरी

शुक्रवारी सकाळी पोचले. सूर्यास्ताला अजून पुष्कळ वेळ होता, तरी वाटेत मी चार वेळा घड्याळ पाहिलं. आजोबांना सगळं सांगितलं. शनिवारी विहिरीवर बसण्याचं सांगताना ते मध्येच म्हणाले, "थांब. परत सांग." मी परत सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

बाबा चिडले. "उद्या त्या बायकांना कोणी मारलं तर? तू इथे पनवेलला, त्या तिथे. भांडण लावून आलीस." हा मुद्दा खरा आहे. ज्यांना वाटतं की अशा ठिकाणी एक सही करून किंवा न करून परत यायचं आणि ब्लॉग लिहायचा, त्यांनी बाबांचा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

सण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन वाजला. व्यंकटराव. बाबांनी स्पीकर लावला. आवाज तसाच मोकळा. मुलगी लहान आहे, भावनेत बोलली, दावीदसाहेबांचा मुलगा म्हणून तुम्हीही वारस, तुम्ही सही पाठवा, गावाचा प्रश्न मिटतो.  कोणाशी वाकडं न घेण्यात बाबांचं सगळं आयुष्य गेलं आहे. सोसायटीच्या सभेत ते हातही वर करत नाहीत.

"व्यंकटरावजी," बाबा म्हणाले, "कुलूप काढलंत का?"

"ते... समितीचा विषय हाय तो."

"मग काढा, आणि त्यानंतर फोन करा. आणि त्या बायकांना काही झालं तर मी स्वतः येईन. मी लहान नाही." फोन ठेवल्यावर ते उठून पाणी प्यायले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

यातून काय राहिलं, असं विचाराल तर विजय नाही. मी हे लिहीत असताना कुलूप तिथेच आहे. बांधकाम थांबलं आहे आणि संगीताताईंनी आमच्या हरकतीची प्रत जोडून तहसीलला अर्ज दिला आहे. दुकानदार त्यांना उधार देत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. बाकी सांगत नाहीत. गेल्या दोन शनिवारी वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन विहिरीवर जाऊन बसल्या, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. कुलूप तोडलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. नुसत्या बसल्या. दुसऱ्या शनिवारी गावातल्या दोन मराठा बायकाही येऊन बसल्या. हापसा त्यांच्याही गल्लीत कोरडाच आहे.

शब्बाथला मला प्रवास करता येत नाही. म्हणून या शुक्रवारी दुपारच्या आत मी संगीताताईंकडे पोचते आहे आणि रविवारी परत निघेन. बाबाही येतायत. त्यांनी स्वतःचं तिकीट स्वतः काढलं, मला विचारलंही नाही.

वसमतला कसं जायचं ते वर लिहिलंच आहे. ऊन फार आहे. येणार असाल तर गावाचं नाव मला विचारा, डोक्याला पंचा आणा आणि एक रिकामी घागर.